सात वेळा

"मग ती मुख्य चावी मला कधी देणार, बुवा?"

विश्वंभराने हे तिसऱ्यांदा विचारलं. शिवरामबुवा आत्ता कुठे परगावाहून परतले होते; सगुणाताईंच्या खोलीत डोकावून आले तेवढंच, पायसुद्धा धुतले नव्हते. पण याला दम कुठला!

नदीकाठच्या त्या मठात जुन्या पोथ्या संगणकावर उतरवण्याचं काम चाले. यंत्र एकच, आणि खोल्याखोल्यांतून त्याला जोडलेले काळे पडदे. एका पडद्यावरून दुसऱ्यावर दोन ओळींचा निरोप धाडता येई. मुख्य चावी म्हणजे बुवांचा परवलीचा शब्द. तो ज्याच्याकडे, त्याचा निरोप कुणालाच अडवता येत नसे.

"चावी कशाला हवी?"

"चाळीस पोथ्या उतरवल्या मी. माझं म्हणणं सगळ्यांपर्यंत पोचायला नको?"

बुवा उठले आणि सगुणाताईंच्या खोलीकडे निघाले. विश्वंभर मागोमाग गेला. त्याला वाटलं, आता ताईंच्या साक्षीने चावी मिळणार.

सगुणाताई मठातल्या सगळ्यांत जुन्या. गुडघे पार गेलेले, म्हणून जागेवर बसूनच इतरांच्या नकला तपासायच्या. आज मात्र त्यांच्या लुगड्याचा काठ चिखलाने भरला होता आणि काठी दारातच पडली होती.

"वाच," बुवांनी पडद्याकडे बोट केलं.

विश्वंभर वाकला. ताईंचा त्यालाच निरोप धाडायचा प्रयत्न, आणि खाली यंत्राचं उत्तर : परवानगी नाही. त्याखाली पुन्हा तेच... सात वेळा.

"चार दिवसांपूर्वी मी यंत्रात 'मेसग एन' टाकलं होतं," तो म्हणाला. "ते टाकलं की कुणाचा निरोप येत नाही. सारखं कुणीतरी काहीतरी विचारतं हो. एकाग्रता नको का?"

"हवी की."

"मग?"

बुवांनी सगुणाताईंकडे पाहिलं.

"दोनशे बारानंतर एकदम दोनशे पंचवीस," त्या म्हणाल्या. "मधल्या बारा ओव्याच नाहीत, बाळा. पानं चिकटली असणार. पोथी नदीला देऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं."

आकडा चुकलेला विश्वंभरालाही दिसला होता. जुना लेखक मोजायला चुकला असेल, असं म्हणून तो पुढे गेला होता.

नक्कल पुरी झाली की जीर्ण पोथी नदीला द्यायची, ही मठाची रीत. आज सकाळी ती त्यानेच दिली होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"तुम्ही... घाटावर आला होतात?"

"पायऱ्यांपर्यंत पोचले. तोवर पोथी सोडून तू पाठमोरा हात धूत होतास."

चारशे वर्षं कुणी ना कुणी जपलेल्या त्या बारा ओव्या विश्वंभराच्या हातून गेल्या होत्या, आणि त्या काय होत्या हे आता कुणाला कधीच कळणार नव्हतं.

मग तो एकदम उसळला. "पण बुवा, माझं बंद असलं म्हणून काय! चावी तुमच्याकडे होती. तुमचा निरोप मला अडवताच आला नसता... तुम्ही का नाही लिहिलंत?"

बुवांनी दारातली काठी उचलली आणि सगुणाताईंच्या हाताशी नेऊन ठेवली.

"चावी माझ्याकडे होती खरी... पण चूक दिसली होती तिला."