कड्याकडे बघत बसलेली कावळी

एका घाटात, उंच कड्यासमोरच्या आंब्यावर एक कावळी राहत असे. घरटं म्हणाल तर तिचं अगदी चोख. बाहेरून काटक्या, मधे तारेचे दोन तुकडे, आत मऊ काथ्या आणि त्यावर चार अंडी. पण मुलांनो, कावळीचं चित्त घरट्यात असेल तर शपथ! समोरच्या कड्याच्या कपारीत बहिरी ससाण्याचं जोडपं अंडी घालायला आलं होतं, आणि तेव्हापासून हिच्या पोटात दुखू लागलं होतं.

सकाळ झाली की ती अंड्यांवरून उठून फांदीच्या टोकाला जाऊन बसे. तिथून कपार नीट दिसायची. "बघा तरी," ती कावळ्याला म्हणे, "एक काडी आणली नाही त्या ससाणीने. जरा माती उकरली की झालं घर. आणि नवरा आणतो ती शिकार ही हवेतल्या हवेत झेलते. तुम्ही आणलंत कधी मला असं?"

कावळ्याने चोचीतला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आणीन हो. पण आधी अंड्यांवर बैस, गार पडतायत. ती कोकिळाही सारखी इकडेच घुटमळतेय."

"बसते. जरा एवढं बघू द्या."

हे 'जरा एवढं' रोज दिवस मावळेपर्यंत चाले. ससाणी आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही, याचा तर तिला फारच राग. एके दुपारी कावळा चारा शोधायला गेला असताना कोकिळा गुपचूप आली आणि घरट्यात आपलं अंडं घालून गेली. चाराची पाच झाली, तरी कावळीला पत्ता नाही.

पुढे कपारीत तीन पिल्लं दिसली तशी कावळी दचकली. "माझं पिल्लू यांच्या वरचढ निघेल," असं म्हणत ती घरट्यात ठाण मांडून बसली. पण चार अंडी कधीच गारठून गेली होती. फुटलं ते नवं, पाचवं. त्या एकुलत्या पिल्लाला तिने जीव लावून वाढवलं. ससाण्याची पिल्लं पहिल्यांदा उडाली, त्याच दिवशी हिने सारी कावळ्यांची जमात बोलावली. "माझं लेकरू बोलणार आहे, ऐका."

पिल्लाने चोच उघडली. "कुहू."

आणि ते भुर्रकन उडून कोकिळेच्या झाडावर गेलं. कावळीला रडू कोसळलं. ती कड्याकडे तोंड करून ओरडली, "सगळं तुझ्यापायी झालं. इतके दिवस समोर बसले, पण तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस."

ससाणीने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "बाई, तू समोरच राहतेस होय? अंडी, मग पिल्लं, मला मान वर करायलाही सवड नव्हती."

कावळी घरट्याकडे वळली. काथ्यावर चार अंडी तशीच पडून होती.

तात्पर्य : दुसऱ्याच्या घरट्याकडे जळत बघत बसलं की आपल्या घरट्यातली ऊब जाते, आणि ज्याचा हेवा करावा त्याला त्याची खबरही नसते.