बाकड्याखालच्या विटा

लाकडं माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट.

वेणूआजींच्या अंगणात चिंचेखाली एक उंच टेबल आणि एक बुटकं बाकडं होतं. जेवताना आजींची कोपरं खांद्याइतकी वर जात, आमटी बाहीवर सांडे. टेबल लगेच म्हणे, "बाकड्या, तुझ्या बुटकेपणामुळे हे!"

बाकड्याला वाटे, आता आपली रवानगी चुलीत! शेवटी ते काकुळतीनं म्हणालं, "आजी, माझ्या पायांखाली विटा घाला हो."

विटा घातल्या. आजींचे पाय लोंबकळू लागले. तिसऱ्याच दिवशी ओल्या मातीत एक वीट खचली, बाकडं कलंडलं आणि आजी पडता पडता वाचल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी बोलावलेला धोंडू सुतार करवत घेऊन आला. आता आपली पाळी, असं बाकड्याला वाटलं. धोंडूनं विटा काढल्या, आजींना बसवलं.

"पाय टेकले?"

"टेकले रे बाबा."

मग बाकड्याच्या फळीपासून वीतभर आणि वर चार बोटं मोजून, टेबल तेवढंच उंच राहावं म्हणून त्यानं करवत टेबलाच्या पायांना लावली.

"अरे, चूक बाकड्याची!" टेबल किंचाळलं.

"आजींचे पाय भुईला टेकलेत," धोंडू म्हणाला. "आता तू खाली ये."

दुपारी बाहीवर एक थेंबही न सांडता जेवून आजींनी दुसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा कुठे बाकड्यानं श्वास सोडला.