वंगणाचा ढोल

“वंगण घातल्याचा ढोल कुणी वाजवतं का रे?”

हे वाक्य सुनेसाठी नव्हते. थोरल्या मुंगसाने ते आपल्या मुलाला परसात, आवाज खाली आणून ऐकवले होते. पण भिंतीपलीकडे ती सून, धाकटी, अंगण झाडत होती, आणि नव्या नवरीलाही कान असतात हे घरात कुणाच्या लक्षात येत नसते.

त्या राज्यात पाऊस नव्हता. पाणी होते ते एकाच विहिरीत, आणि विहिरीवर रहाट होता तो मुंगसांचा. म्हातारा रेडा गोल फिरे, त्यावर चाक फिरे, चाकावरची गाडगी पाणी वर आणून पाटात ओतत आणि पाट सगळ्यांच्या वाफ्यांतून जाई.

रहाट पुरा झालेला नव्हता. तो कधीच पुरा झालेला नव्हता. चार गाडगी लागली होती तेव्हाच थोरल्याने दवंडी पिटली होती : धान्य आत्ता द्या, पाणी आत्तापासून घ्या, आणि रहाट कसा वाढवायचा तेही तुम्हीच सांगा. सगळ्यांत आधी आली सशीण. तिचा वाफा पाटाच्या अगदी टोकाला. मूठभर हरभरा पेरणीपुरता ठेवून बाकी सगळे धान्य तिने मुंगसांच्या ओट्यावर ओतले. आता ती मूठ वाफ्यात होती, आणि घरात दुसरे काही नव्हते.

रीत अशी पडली होती की दर अवसेला एक नवे गाडगे टांगायचे, ढोल वाजवायचा आणि ज्याने ते सुचवले त्याचे नाव पुकारायचे. पोपटाला तोटीचे गाडगे हवे होते, मिळाले. मोराला रंगीत हवे होते, तेही मिळाले. पुढे काय काय येणार याची चित्रे थोरल्याने गेरूने भिंतीवर काढून ठेवली होती. पाटापेक्षा त्या भिंतीपुढेच गर्दी जास्त असे.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिचे अंगण झाडून होईपर्यंत पाणी पाटाच्या टोकाला पोचत असे. आता अंगण, ओटा, गोठा सगळे झाडून झाले तरी सशीण कोरड्या पाटाला नाक लावून बसलेली दिसे. पाणी येई तेही गचके खात; जरा धावे, अडे, पुन्हा धावे. चाकाचा कणा करकरत होता. मोराने कुरकुर केली तशी थोरल्याने प्रत्येक गाडग्याला घुंगरू बांधले. करकर ऐकू येईनाशी झाली. रेड्याला मात्र ती खांद्यातून कळत असावी, कारण प्रत्येक वळणावर तो डोळे मिटून घेई.

नवऱ्याला हे दिसत नव्हते असे नाही. “बाबा, पुढची एक अवस राहू द्या. कणा कोरडा पडलाय,” असे तो म्हणाला, आणि त्यावरच थोरल्याने ते ढोलाचे वाक्य टाकले. मुलगा हसला. बापाच्या विनोदाला न हसून राहायचे कुठे?

त्या दुपारी सगळे भिंतीपुढे जमलेले असताना धाकटीने फडताळातले तेलाचे बुधले उचलले आणि निम्मे कण्यात ओतले.

दुसऱ्या दिवशी सशीण ओल्या पायांनी धावत आली. “पोचलं हो, पोचलं! कुणाची पुण्याई म्हणायची ही?”

“कुणाची म्हणजे?” मोर मान वेळावत म्हणाला. “परवाच माझं गाडगं लागलंय ना!”

सगळ्यांना ते पटले. धाकटीने तोंड उघडले, तेवढ्यात थोरला वळला. “सूनबाई, पाहुण्यांना पाणी आणा.” तिने पाणी आणले.

एका गाडग्याने एवढे, तर रांजणाने केवढे! पुढच्या अवसेला रांजण टांगायचा असे ठरले, आणि तो सुचवणाऱ्यांत पहिला हात सशिणीचाच होता. रांजणाला झळाळी यावी म्हणून बुधल्यातले उरलेले तेल थोरल्याने स्वतः चोळले. धाकटी बुधले मागायला गेली तर म्हणाला, “फोडणीचं नंतर बघू.”

अवसेच्या सकाळी ढोल वाजला. सशिणीचे नाव पुकारले गेले, ती लाजली. रेड्याने पाय रोवून जू ओढले. रांजण विहिरीत उतरला, भरला, वर आला आणि पाटाच्या हातभर खाली थांबला. कणा मोडल्याचा आवाज कुणालाही आला नाही, कारण ढोल जोरात होता. रेडा गुडघ्यांवर बसला तेव्हा काहींना वाटले, तो नमस्कार करतो आहे. टाळ्या पडल्या.

मग ढोल थांबला. भरलेला रांजण अडकलेल्या चाकाला लटकून विहिरीवर चमकत होता. पाट कोरडा होता. सशीण आपल्या वाफ्याकडे पाहत होती; हरभऱ्याची रोपे माना टाकून पडली होती.

“पुढच्या खेपेला याहून मोठं काहीतरी लागणार,” मोर म्हणाला.

थोरल्याने गेरू उचलला आणि भिंतीपाशी गेला. “सांगा, काय काढू?”

तेव्हा धाकटी माजघरातून बाहेर आली, गर्दीतून वाट काढत भिंतीपर्यंत गेली, आणि हातातले बुधले सगळ्यांसमोर उपडे करून तिने सासऱ्यापुढे धरले.

“मामंजी, हे काढा. आणि टांगा. रिकामंच आहे, रेड्याला ओझं व्हायचं नाही.”