शर्वरीची निवड

कऱ्हाडच्या शर्वरी घोरपडेनं आपल्या कॉलेजला सलग तीन वर्षं कबड्डीचा चषक मिळवून दिला होता. आता तिला व्यावसायिक संघात घ्यायचं की नाही, हे निवड समितीचे तात्यासाहेब मोहिते ठरवणार होते. शर्वरी मान खाली घालून उभी होती. तिला चढाई शिकवणाऱ्या कुसुमताईंचा जीव खालीवर होत होता.

"कॉलेजातले गुण आम्ही धरत नाही," तात्यासाहेब चहा पीत म्हणाले. "ओसाड गावी एरंड बळी."

"बरं. मग पकडीसाठी काल कुणाला घेतलंत?" ताईंनी विचारलं.

"मिरजेच्या प्रेरणाला. तिनं घोटा धरला की सुटका नाही. यंदा कॉलेजच्या सामन्यांत साठ जणी धरल्या तिनं."

"त्यांत आमची शर्वरी किती वेळा?"

तात्यासाहेबांनी कागद चाळला. "एकदाही नाही."

"म्हणजे साहेब, प्रेरणानं धरलेल्या तेवढ्या खेळाडू, आणि तिच्या हातून सुटली ती एरंड?"

तात्यासाहेबांनी कप खाली ठेवला. मग हसून ते शर्वरीला म्हणाले, "उद्या सकाळी सरावाला ये. तू आता तिच्याच बाजूनं खेळणार म्हटल्यावर प्रेरणाचा जीव भांड्यात पडेल."