गोडमाळावरचं बारसं

कुंडेवाडीच्या वेशीपलीकडे तो करड्या मातीचा माळ दिसतो, त्याला गावात गोडमाळ म्हणतात. भर श्रावणातही तिथे गवताची काडी उगवत नाही. पाहुणे येतात, तिथले काळे चकचकीत खडे हौसेने उचलतात आणि खिशात टाकतात. टाकू नयेत. जमिनीत शिसं आहे, अशी सरकारी पाटी कडेला लागली आहे; पण गावाला ते पाटीच्या कितीतरी आधी कळलं होतं.

फार पूर्वी तिथे शिसं वितळवायची भट्टी होती, असे सांगतात. मालक परमुलखातला. डोंगरातला शिशाचा दगड संपला तसा तो गाशा गुंडाळून गेला. धूर थांबला आणि गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. भट्टीची राख मातीत मुरून राहिली आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. उलट ती माती पिठासारखी मऊ, म्हणून बायका तिनेच भिंती सारवू लागल्या. शिवाय ती जिभेला गोड लागायची म्हणे. पोटुशी बाईला माती खावीशी वाटते, हे काही नवीन नाही. इथे मात्र सासवा कौतुकाने भट्टीची माती आणून सुनेच्या हातावर ठेवत.

सगुणा अशीच एक सून. पहिल्या खेपेला तिला मेलेलं मूल झालं, दुसऱ्या खेपेलाही तेच. दोन्ही लेकरं माळाच्या कडेला पुरली, कारण तिथे नांगर फिरत नव्हता. बारसं झालेलं नाही, तेव्हा नावंही नाहीत. आईने हाक मारायची तरी काय म्हणून? सासू चंद्राक्का कुणाची तरी नजर लागली म्हणायची आणि मीठमोहऱ्या ओवाळायची. बिचारी मनाने वाईट नव्हती.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तसे डोहाळेही परतले. एका टळटळीत दुपारी सगुणाला राहवेना. ती माळावर गेली, बोटांनी माती उकरली आणि चिमूटभर तोंडात टाकली. पुन्हा हात घातला, तो आतून कुणीतरी तिचं बोट धरलं. तान्ह्या बाळाने धरावं तसं, मऊ आणि घट्ट. ती हात ओढू लागली, तसा दुसऱ्या बोटालाही विळखा पडला. सगुणा घाबरली नाही म्हणे. तिने आपली मुलं ओळखली. तोंडातली माती तिने थुंकून टाकली, तरी बोटं सुटेनात.

"न्हाई खात रं," ती रडत म्हणाली. "याला तरी जगवीन. आन् तुमचं बी बारसं करीन. सोडा आता मला."

तेव्हा कुठे तिचा हात मोकळा झाला.

घरी येताच तिने खुरपं घेतलं आणि सारवलेली भिंत खरवडायला सुरुवात केली. चंद्राक्का कडाडली, "याड लागलं का तुला? पोटुशी बाईनं घर उकरावं व्हय?" सगुणाने नुसता हात पुढे केला. दोन बोटांभोवती इवल्या मुठींचे निळे वळ उठले होते. सासूने तो हात हातात घेऊन निरखला. ती माती सुनेला तिनेच भरवली होती, दोन्ही खेपांना. मग तिने खुरपं काढून घेतलं, सुनेला माहेरी धाडलं आणि सगळ्या भिंती एकटीने खरवडल्या. तिचं पाहून हळूहळू सारा गाव खरवडायला लागला.

माहेरी सगुणाला मुलगी झाली, जिवंत, धडधाकट. बारशाला ती सासरी आली आणि त्या दिवशी तिने दोन रिकामे पाळणे माळाच्या कडेला नेले. मेलेल्यांचं बारसं करतात का कुठे, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. पण बाळाची आत्या सुंदरा पुढे झाली. तिने गुडघे टेकले, जमिनीजवळ वाकून दोन नावं सांगितली आणि मग तिसरं नाव भाचीच्या कानात सांगितलं. पहिली दोन कोणती, ते तिने मरेपर्यंत कुणाला कळू दिलं नाही.

आजही कुंडेवाडीत गोडमाळाच्या मातीला कुणी हात लावत नाही. आजही बारशाला आत्या आधी माळाच्या कडेला जाते, आपल्या मनाने दोन नावं जमिनीला सांगते, मगच पाळण्यापाशी येते. तोवर बाळ रडू लागलं, तर त्याला कुणी उगी करत नाही. त्या दोघांना रडता आलं नव्हतं. त्यांच्या वाटचंही त्यालाच रडायचं असतं.