एकाच पायाचा बिबट्या

एकदा एका वृद्ध अरण्यअभ्यासकाकडे गावच्या शाळेतली मुले येणार होती. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचे लहानसे घर होते आणि घरामागून रानात शिरणारी पायवाट हीच त्यांची प्रयोगशाळा होती. रोज मावळतीला ते ही वाट खराट्याने झाडत, तिच्यावर चाळलेली मऊ माती पसरत आणि रात्रीतून कोणते प्राणी येऊन गेले, हे सकाळी त्या मातीतल्या ठशांवरून ओळखत. सारी हयात त्यांनी यातच घालवली होती. लोक त्यांना आबा म्हणत. इतर माणसे उठल्यावर देवाला हात जोडतात, आबा आधी मातीपुढे गुडघे टेकतात, अशी गावात त्यांची प्रेमळ थट्टा चाले.

आबांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. मुलांना बोलावण्याचा घाट तिचाच. रानात अभ्यास करणारी माणसे दिवसभर करतात तरी काय, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे अशी तिची फार इच्छा होती. पण आदल्या वर्षी मुले आली, तेव्हा त्या वाटेवर एक कुत्रे आणि दोन म्हशी सोडून कोणी फिरकलेच नव्हते. मुले हिरमुसली होती. यंदा मुख्याध्यापकांनी स्पष्टच सांगितले, "ताई, या खेपेला तरी पोरांना कायतरी दाखवा. न्हाईतर पुढच्या साली सहल वॉटरपार्कला."

मुलांवर शिष्येचा जीव होता. ती पुन्हा हात हलवत परत जातील, ही कल्पनाच तिला सोसवेना.

मुले यायच्या आदल्या संध्याकाळी आबा माती पसरून आत गेले. शिष्येने फडताळातून बिबट्याच्या पंजाचा प्लास्टरचा साचा काढला. खऱ्या ठशावरून तो कधीकाळी आबांनीच घेतला होता. वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती तो साचा मातीत दाबत गेली. मुलांचे डोळे उद्या कसे विस्फारतील, हे मनाशी रंगवत ती निश्चिंत झोपली.

सकाळी ती उठून आली तेव्हा आबा वाटेवर उकिडवे बसले होते.

"पोरी, रात्री मोठा पाहुणा येऊन गेला," ते म्हणाले. "पण बिचाऱ्याला पाय एकच दिसतो. तोही पुढचा डावा. सगळी वाट लंगडी घालत गेला म्हणायचा."

धरणीने पोटात घेतले तर बरे, असे शिष्येला झाले. आता बोलणी बसणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. आबांनी मात्र खराटा घेतला आणि वाट झाडायला सुरुवात केली. बनावट ठसे गेले, ते ठीकच होते. पण त्यांच्या शेजारी उदमांजराची नाजूक पावले होती, साळिंदराचे काटे घासत गेल्याच्या रेघा होत्या. खराटा त्यांच्यावरूनही फिरू लागला.

"आबा, ते खरं आहे," शिष्या कळवळून म्हणाली. "निदान तेवढं तरी राहू द्या. मुलं येतीलच आता."

आबा थांबले नाहीत. सारी वाट कोरी करून, वर नवी माती चाळून मगच त्यांनी खराटा भिंतीला टेकवला.

मुले आली तोवर त्या मातीवर असे काय उमटणार? सातभाईंचा थवा नाचून गेला होता, शेणकिडा आपला गोळा लोटत गेला होता, एका सरड्याने शेपटी ओढली होती. आबांनी मुलांना वाटेकडेला पालथे पडायला लावले आणि ते म्हणाले, "कोण आलं, कुठून आलं, कुठं गेलं, ते तुम्हीच सांगा." एकाने लगेच जेवण कधी, असे विचारले. दोघेतिघे उठून चिंचा शोधायला गेले. स्वरांजली नावाची एक मुलगी मात्र शेणकिड्याच्या रेघेच्या कडेकडेने कोपरांवर सरकू लागली.

बाजूला उभ्या शिष्येने हलक्या आवाजात विचारले, "आबा, खोटं पुसलंत ते समजलं. खरं का पुसलंत?"

"खोट्याला खेटून उभं होतं म्हणून," आबा म्हणाले. "उदमांजर आलंही असेल. पण ज्या मातीत एक ठसा माणसाच्या मर्जीनं उमटला, तिची साक्ष मी कशाच्या जोरावर मानू? तू हे मायेपोटी केलंस, ते कळतं मला, म्हणून रागावलो नाही. पण मुलांना आपलं जिणं दाखवायला बोलावलंस ना? मग त्यातल्या रिकाम्या सकाळी कशाला लपवतेस? आपण माती झाडतो आणि ती सांगेल ते ऐकतो. पुष्कळदा ती म्हणते, कोणी आलं नाही. तेही तितक्याच आदरानं ऐकावं लागतं, पोरी. हेच आपलं काम."

तेवढ्यात स्वरांजली ओरडली, "हितं त्याचा गोळा घसरलाय. मग तो माघारी आलाय, आन् मग ह्या अंगानं नेलाय." बाकीची मुले तिच्याभोवती गोळा झाली. चिंचावालेही आले.

निघताना मुलांनीच वाट झाडली आणि माती पसरली. हात झटकत स्वरांजलीने विचारले, "ताई, उद्या ह्याच्यावर कोन आलंय, ते आमाला कोन सांगनार?"

"मी शाळेत येऊन सांगेन," शिष्या म्हणाली.

"आन् कोनीच न्हाई आलं तर?"

"तर तसंच सांगेन."

"नक्की? उगंच आमाला बरं वाटावं म्हनून बिबट्या आलावता म्हनू नका हां."

त्या पोरीला काहीच ठाऊक नव्हते. शिष्येने होकारार्थी मान हलवली. आबा पाठ वळवून खराट्याच्या काड्या नीट करत बसले.

दुसऱ्या सकाळी वाट कोरी होती. शिष्या शाळेत गेली आणि वर्गापुढे उभी राहिली. मुख्याध्यापकही दारात येऊन थांबले. तिने सांगितले, "रात्री कोणी आलं नाही."

"एक पन न्हाई?"

"एकही नाही."

मग मागच्या बाकावरून, जेवणाची चौकशी करणाऱ्या त्या पोराने विचारले, "मग उद्या किती वाजता येनार, ताई?"