भट्टीची तिसरी सोयरीक

"दसऱ्यापर्यंत आपल्या मुलखात कौलांचा कारखाना उभा राहिला नाही, तर साऱ्या कुंभारआळीनं गाव सोडायचं!" मोरगिरीच्या गजेंद्रराजांनी भर दरबारात हुकूम सोडला.

त्यांचंही खरंच होतं म्हणा. राजवाड्यापासून गोठ्यापर्यंत सगळी कौलं शेजारच्या राज्यातून यायची. आणि शेजारचा राजा भेटला की मिशीवर हात फिरवत विचारायचा, "काय, यंदा गळत नाही ना?" गजेंद्रराजांना ते फार झोंबायचं.

पण कारखाना उभा राहणार कसा? धाकू कुंभारानं लाकडाची भट्टी बांधायला घेतली, तर दवंडी आली, "जंगल बोडकं होतंय, लाकूड बंद! कोळसा वापरा!" ओंडक्यांसाठी ठेवलेलं रुंद तोंड बुजवून धाकूनं खाली लोखंडी जाळी बसवली. झालं! पुन्हा दवंडी, "धुरानं आभाळ काळवंडतंय, कोळसा बंद! भाताचं तूस जाळा!" आता तूस सोडायचं वरून, भोकांतून. म्हणजे काढा ती जाळी, फोडा ते छत! राजांचं मन निर्मळ होतं हो. मुलखाची हवा चांगली राहावी, एवढंच त्यांना वाटे. फक्त ते मन एका जागी बसत नसे.

"आवडे, बोचकी बांधायला घे," धाकू लेकीला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तुझी आई याच मातीत गेली गं. आता या वयात कुठं जायचं?"

"बोचकी कशाला, आबा? मीच जाते दरबारात!"

आणि गेलीसुद्धा. मुजरा करून म्हणाली, "महाराज, तुसाची भट्टी दसऱ्याआधी पेटेल. फक्त पहिली मेढ तुमच्या हातून रोवा. लग्नाच्या मांडवाची रोवतात ना, अगदी तशी!"

राजे खूश! राणीसाहेबांना घेऊन वाजतगाजत आले. खड्ड्यात सुपारी टाकली, मेढ रोवली, तिला आंब्याचा टहाळा बांधला, हळदकुंकू वाहिलं. कुंभारआळीनं अक्षता टाकल्या.

भट्टी कंबरेइतकी वर आली न आली, तोच हलगी कडाडली. "ऐका हो ऐका! तुसाची राख उडते, तूस बंद! उसाची चिपाडं वापरा!"

धाकूनं कपाळावर हात मारला. आवडी मात्र दवंडीवाल्याला म्हणाली, "बांधते की चिपाडांची! पण काका, महाराजांना सांगा, आधी आपली मेढ उपटून न्या. आम्ही कसा हात लावायचा तिला?"

राजे तणतणत आले. मागोमाग राणीसाहेबही आल्या.

"त्यात काय मोठंसं? ही बघ, उपटतो!" राजांनी मेढीला हात घातला.

"अहो, काय करताय हे!" राणीसाहेब ओरडल्या. "कार्य पार पडल्याशिवाय मेढ कुणी उपटतं का? काहीतरीच अभद्र!"

राजांचा हात तिथंच थबकला. "पण इथं लग्न आहे कुणाचं?"

"भट्टीचं, महाराज!" आवडी म्हणाली. "मेढ तुमच्या हातची, म्हणजे मुलीचे बाप तुम्हीच! पहिलं स्थळ लाकडाचं, खादाड म्हणून मोडलंत. दुसरं कोळशाचं, नवरा काळा म्हणून मोडलंत. तिसरं तुसाचं, तेही तुम्हीच आणलंत. आता मांडव घातल्यावर म्हणता, नवरा उडाणटप्पू! अहो, राख उडते तर आम्ही पाणी मारू, विटांच्या मातीत कालवू. पण ऐन मांडवात मोडलेल्या पोरीला पुढं कोण करून घेईल? शेजारचे राजे तर हसून हसून लोळतील!"

राजांनी मेढीकडे पाहिलं, राणीसाहेबांकडे पाहिलं, आणि खो खो हसत सुटले.

"बरं बाई! कार्य उरकेपर्यंत हेच स्थळ पक्कं. चिपाडांचं पुढच्या मुलीला बघू! आणि धाकू, तुमच्या आळीनं कुठंही जायचं नाही. वऱ्हाडच निघून गेलं तर पंगतीला कोण बसेल?" मग ते आवडीकडे वळले. "माग पोरी, काय आहेर देऊ? शालू देऊ?"

"शालू तर मुलीच्या बापाकडून घेतेच, महाराज! पण आहेर म्हणून दसऱ्यापर्यंत ही हलगी आमच्या घरी राहू द्या!"

राजे इतके हसले की फेटा सुटला. तो सावरत त्यांनी दवंडीवाल्याच्या गळ्यातली हलगी काढली आणि स्वतःच्या हातानं आवडीच्या गळ्यात घातली.

दसऱ्याला भट्टीतून लालबुंद कौलं निघाली. त्याची दवंडी आवडीनंच पिटली, शालू नेसून!